मागची फळी

कुर्डुवाडीला गाडी बदला. मोठ्या गाडीतून उतरून पलीकडं आलात की अडीच फुटी रुळांवर बार्शी लाईटची गाडी उभी दिसेल. डब्यात समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. साल १९३८. खिशात पंचम जॉर्जचा रुपया आहे, तो सांभाळा. थोड्या वेळानं त्याचा भाव बदलणार आहे. बार्शीपर्यंत मुलूख इंग्रजांचा, येडशी आली की निजामाचा. निजामाचं नाणं वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी, जकात वेगळी. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, माणूस बाकाखालचं गाठोडं पायानं ढकलून विचारतो, "इसमें क्या है?" तुम्ही म्हणता, "किताबां." तो गाठ सोडायला लावतो, वरच्या दोन पोथ्या बघतो आणि पुढच्या बाकाकडं वळतो. खालची पुस्तकं तो बघत नाही. तुम्हीही दाखवत नाही.

मुरूड गेलं, हरंगुळ गेलं, लातूर आलं. १९११ पासून ही गाडी इथवर येते. स्टेशनावर पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ओरड, गुळाचा वास. टांगा करू नका, गंजगोलाई पायी जाण्याइतकी जवळ आहे.

गोलाई होऊन अजून पंचवीस वर्षंही झालेली नाहीत. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं हा गोल आखला: मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानांची गोल रांग आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला कापड, एकाला सोनं, एकाला भांडी, एकाला मिरची. पहिल्यांदा आलेला माणूस इथं हमखास गोंधळतो, कारण सोळाही तोंडं त्याला सारखीच दिसतात. पण चालत राहिलात तर फिरून पहिल्याच दुकानाशी येता, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पुस्तकांचा रस्ता मात्र सोळांत एकही नाही. पुस्तकं विकणारा कुठल्या तरी दोन कापडवाल्यांच्या मधे अंग चोरून बसलेला असतो. त्याच्यासमोर पाटी, पेन्सिली, दौत, टाक, शाईच्या पुड्या. बैठकीवर लाल कापडात बांधलेली मोडीतली वही.

"काय पायजे?"

"पुस्तक."

"वाचायचं का शाळंचं?"

या भागातल्या पुस्तकविक्रीचा सगळा हिशोब या एका प्रश्नात मावतो, आणि पुढची ऐंशी वर्षं तुम्हाला तो निरनिराळ्या तोंडून ऐकायचा आहे. शाळेचं म्हणजे इथं उर्दूचा कायदा आणि पुढच्या इयत्तांची उर्दू क्रमिक पुस्तकं, कारण सरकारी शिक्षणाचं माध्यम उर्दू आहे. १९१८ साली हैदराबादेत निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवतं. वाचायचं म्हणजे बहुतेकांच्या लेखी पोथी: शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप. लिंगायत गिऱ्हाईक मन्मथस्वामींचं परमरहस्य मागतं. सोलापूर जवळ, त्यामुळं दाते पंचांग वेळेवर येतं आणि पाडव्याच्या आधी त्याचीच उलाढाल सगळ्यात मोठी असते.

तुम्ही यातलं काहीच मागत नाही, असं दिसल्यावर दुकानदार एकवार रस्त्याकडं बघतो. मग मागे वळून सगळ्यात खालच्या फळीवरचं शिसपेन्सिलींचं खोकं बाजूला सारतो. तिथं साने गुरुजींची श्यामची आई आहे, तीन वर्षांपूर्वीच आलेली. शेजारी पुण्या-मुंबईकडची मासिकं, आर्य समाजाच्या पुस्तिका. आणि घडी घालून ठेवलेला, याच वर्षी फेब्रुवारीत हैदराबादेत आ. कृ. वाघमाऱ्यांनी काढलेल्या 'मराठवाडा' साप्ताहिकाचा अंक. सरकार त्यावर बंदी घालील, ते नाव बदलून पुन्हा निघेल, पुन्हा बंदी येईल. सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ प्रमाणे आधी परवाना लागतो अशा राज्यात आपण उभे आहोत. इथं पुस्तकाला परवाना लागत नाही, पण ते कुणाच्या हातात दिसतं याची नोंद कुणीतरी ठेवतो.

किंमत विचारा. पुस्तकावर छापलाय एक रुपया. तो इंग्रजी, म्हणजे कलदार. निजामाचा रुपया हाली, आणि सरकारी भाव शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. साधा हिशोब, सहा कलदार म्हणजे सात हाली. दुकानदार बोटांची पेरंही मोजत नाही: "एक रुपाया दोन आणे आठ पै." तुम्ही खिशातला कलदार रुपया काढून बैठकीवर ठेवता आणि त्याचा चेहरा उजळतो. पुण्याच्या प्रकाशकाला त्याला कलदारच मोजावे लागतात; हाली नाणं घेऊन तिकडं कोण उभं करतंय? पुस्तक तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर पंचांगाचं एक फाटकं पान लावतो आणि सांगतो, "पंचांग घेतलंय म्हनावं, कुणी इचारलं तर."

आता एक मोठी उडी घ्या. १९४८ चा सप्टेंबर, पाच दिवसांची पोलीस कारवाई, निजामाचं राज्य संपतं. हाली सिक्का त्यानंतरही काही वर्षं हातात फिरतो आणि मग जातो. १९५६ साली हैदराबाद राज्यच मोडतं, मराठवाडा मुंबई राज्यात येतो, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ निघतं, १९६० मध्ये महाराष्ट्र होतो. दुकानातून पाहिलं तर या सगळ्या घडामोडींचा अर्थ एवढाच की शाळेचं पुस्तक आता मराठीत येतं, ते पुण्या-मुंबईहून येतं आणि ते घ्यायला पूर्वीच्या कितीतरी पट पोरं येतात. त्या पोरांच्या जिवावर मागची फळी वाढते.

ती वाढलेली पाहायची तर नांदेडला चला. मनमाडहून मीटरगेजनं या. १९०० साली गोदावरीच्या खोऱ्यातून गेलेली ही निजामाची लाईन. साल १९७०, महिना जून. पहिला पाऊस पडून गेलाय, वजिराबादचा रस्ता चिखलानं भरलाय. खिशातले पैसे आता रुपये-पैशांत, आण्यांची सवय फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरली आहे.

नांदेडात चालताना पाट्यांकडं बघा. हे गाव एका लिपीत वाचता येत नाही. गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरच्या दुकानांत कृपाणं आणि कड्यांच्या शेजारी गुरुमुखीतले नितनेमाचे गुटके आहेत. इतवाऱ्याकडं वळलात तर उर्दू शाळांची पुस्तकं, कॅलेंडरं, कुराणाच्या रेहाली. देगलूर-बिलोलीकडून आलेला व्यापारी तेलुगूत भाव करतो. आणि वजिराबादेतल्या एका अरुंद दुकानासमोर, या घडीला, निदान शंभर माणसं उभी आहेत.

हा पुस्तकाच्या दुकानाचा सुगीचा महिना. बालभारती निघून तीन वर्षं झाली आहेत. एकेका इयत्तेचे संच सुतळीनं बांधून दुकानभर रचून ठेवले आहेत. मालक काउंटरवर, थोरला पोरगा माळ्यावर, धाकटा खाली. "पाचवी मराठी, एक संच!" वरून गठ्ठा येतो, खाली झेलला जातो. "भूगोल नाई आला अजून, पुढच्या आठवड्यात." "खाकी कागद किती ताव?" "दोनशेपानी पट्टीची सहा, शंभरपानी चौकडीची दोन." एक बाई पदराच्या गाठीतून पैसे काढते, पुन्हा मोजते आणि चित्रकलेची वही परत देते. पाठ्यपुस्तकावर दुकानदाराला मिळणारी सूट तुटपुंजी. गाईडवर ती बरी, वह्यांवर सगळ्यात बरी. म्हणून गिऱ्हाईकाला पुस्तक देताना मालकाचं लक्ष वह्यांच्या गठ्ठ्यावर असतं. जून आणि जुलै या दोन महिन्यांत तो वर्षाचं भाडं, पोरीचं लग्न आणि पुण्याच्या प्रकाशकांची थकलेली बिलं काढतो.

ही थकलेली बिलं कसली, ते बघायचं तर संध्याकाळी सातनंतर परत या. गर्दी ओसरलेली असते. काउंटरच्या आतल्या बाजूला एक लाकडी बाक आहे, त्यावर पीपल्स कॉलेजचे दोन प्राध्यापक, एक वकील, एक शाळामास्तर. कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या नांदेड एज्युकेशन सोसायटीचं, १९५० चं. बाकावर बसणाऱ्यांपैकी कुणी रोख देत नाही. मालक एक जाड वही उघडून त्यांच्या नावापुढं आकडा मांडतो, आणि तुम्ही वाकून पाहिलंत तर अक्षरं उजवीकडून डावीकडं चाललेली दिसतील. मालक घरी मराठी बोलतो, दुकानात मराठी पुस्तकं विकतो, आणि उधारी उर्दूत लिहितो. शाळेत त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्याच्या पिढीतल्या कितीतरी मराठवाडी माणसांचं असंच आहे. पोरगा ती वही वाचू शकत नाही, ही मालकाची एकमेव खंत. उधार घेणारे मात्र त्यावर खूष असतात.

मागची फळी इथं आता फळी राहिलेली नाही, भिंत झाली आहे. मौज, पॉप्युलर, काँटिनेंटल. तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला नरहर कुरुंदकर. गावच्या माणसाचं पुस्तक म्हणून तो मान आहे आणि खपतं म्हणूनही. प्रतिभा निकेतन शाळेतले हे मास्तर, आता पीपल्स कॉलेजात. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मागच्या वर्षी जागर आलं, यंदा शिवरात्र. रणजित देसाईंचं श्रीमान योगी दोन वर्षांपूर्वी निघालं, त्याची प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच. एवढी जाड कादंबरी केवळ सुरुवातीची पानं वाचायला घेऊन जाणारे वाचक नांदेडात आहेत. बाकावर त्यातला एक बसलाय. त्याचं म्हणणं, शिवाजी समजायला पत्र पुरे, कादंबरी बायकोला दिली. वकील म्हणतात, मग तुमच्यापेक्षा बायकोला जास्त मिळालं. यावर अर्धा तास वाद होतो आणि त्या अर्ध्या तासात एकही पुस्तक विकलं जात नाही.

पुण्यातल्या वाचकाला हे दुकान कदाचित आवडणार नाही. पुस्तक चाळायला जागा नाही, निवांत उभं राहायला जागा नाही, मागची भिंत बघायची तर मालकाच्या परवानगीनं काउंटर उचलून आत जावं लागतं. पण हा बाक फुकट आहे, आणि गुरुजींसारखा माणूस ज्या गावात राहतो त्या गावात संध्याकाळी माणसं कुठं जमतात, काय बोलतात, याचा पत्ता सांगायचा झाला तर मी याच बाकाचा सांगेन. आणि त्या बाकाचं भाडं सकाळच्या त्या बाईनं भरलेलं आहे, जिनं चित्रकलेची वही परत दिली. मला हे सांगायचं आहे आणि ते आत्ताच सांगून टाकतो: या दोन गावांत वाङ्मय स्वतःच्या पायावर कधी उभं राहिलं नाही. ते शाळेच्या खांद्यावर बसून आलं. ज्या दुकानात गाईड नाही त्या दुकानात कवितासंग्रहही फार दिवस टिकत नाही. गाईडांना नाकं मुरडणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा दुकानाची वही बघावी.

नऊ वर्षं पुढं. दुकान तेच, साल १९७९. गेल्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. त्यांतले टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे याच नांदेड जिल्ह्यातले. बाकावरचे सगळे आता एकत्र येत नाहीत. कोण ठरावाच्या बाजूनं आणि कोण विरोधात यावर वेळा ठरल्या आहेत. मालक बोलत नाही. पण भिंतीवर बघा. दया पवारांचं बलुतं आहे. आणि प्र. ई. सोनकांबळ्यांचं आठवणींचे पक्षी नुकतंच आलंय. सोनकांबळे उदगीर भागातले, म्हणजे इथलेच. त्या पानांतली गावं, माळ आणि भूक ओळखायला नांदेडच्या वाचकाला नकाशा लागत नाही. पंचविशीतला एक पोरगा दारातच उभा आहे, आत यायचं की नाही हे त्याचं ठरत नाही. मालक विचारतो, "काय पायजे?" आणि यावेळी पुढचा प्रश्न विचारत नाही. आठवणींचे पक्षी काढून काउंटरवर ठेवतो. पोरगा पहिलं पान उभ्या उभ्या वाचतो, दुसरं वाचतो, आणि मालक दिवा लावायच्या निमित्तानं आत जातो. पुस्तक विकत न घेता वाचू द्यायची ही त्याची रीत त्याच्या घरच्यांना कधीच पटली नाही.

१९८२ साली कुरुंदकर गेले, पन्नाशीही गाठली नाही. १९८५ ला नांदेडात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, शंकर पाटील अध्यक्ष. तिथं फार थांबू नका. संमेलनं सगळीकडची सारखीच असतात.

थांबायचं तर लातूरला, १९९६ च्या जूनमध्ये. किल्लारीच्या भूकंपाला पावणेतीन वर्षं झाली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेतून आपण जाणार नाही. रमतगमत फिरणाऱ्यानं तिथं जाऊ नये. लातूर आता जिल्हा आहे, १९८२ पासून. गोलाईत रिक्षा आल्यात, भोंगे आलेत, सोळा रस्ते मात्र तेवढेच. दयानंद महाविद्यालय १९६१ चं, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. बारावीच्या गुणवत्ता यादीत या गावाची पोरं ओळीनं दिसू लागल्यापासून बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, जिथून म्हणाल तिथून माणसं पोराचा हात धरून इथं येतात. याला 'लातूर पॅटर्न' म्हणतात आणि त्याच्यावर भांडणारे पुष्कळ आहेत. शाहू कॉलेजचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांवर मराठीत पुस्तक लिहिणाऱ्या माणसाच्या हातून हे कॉलेज उभं राहिलं, हे पॅटर्नवर बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. मला ते नेहमी नवलाचं वाटतं.

दुकानासमोर धोतर-टोपीतला एक माणूस आणि त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. बापाच्या हातात कॉलेजात मिळालेली यादी आहे. तो ती वाचत नाही, सरळ काउंटरवर ठेवतो.

"हे समदं द्या."

"समदं कामून? अर्धं जुन्यात मिळतंय की. जुनं घेता का?"

बाप पोराकडं बघतो. पोरगा खाली.

"नवंच द्या. पयलं लेकरू हाय घरातलं, इथवर आलेलं."

दुकानदार एकेक पुस्तक काढतो. ट्रूमन्सचं बायॉलॉजी, फिजिक्सला एच. सी. वर्मा, गणिताचे दोन खंड, प्रश्नसंच. गठ्ठा छातीएवढा होतो. बेरीज ऐकून बाप कोपरीच्या आतल्या खिशातून नोटा काढतो, मोजतो, आणि मोजून झाल्यावर परत मोजतो. गठ्ठा बांधून झाल्यावर पोरगा पहिल्यांदाच बोलतो. हळूच मागं बोट दाखवतो: "ते काय हाय?" तिथं शेषराव मोहित्यांचं पुस्तक आहे, शेतकऱ्यांवर लिहिणारा हा लातूरचा लेखक. दुकानदार म्हणतो, "ते वाचायचंय. तुझी परीक्षा झाल्यावर ये." मला हा दुकानदार आवडत नाही. पण तो काय चुकीचं बोलला, हेही सांगता येत नाही.

या गावात पुस्तकांचा दुसराही बाजार आहे, आणि तो जास्त मजेशीर. परीक्षा आटोपली की खोल्या रिकाम्या होतात, मेसची खाती बंद होतात आणि जुनी पुस्तकं पोत्यांतून परत येतात. जुन्या पुस्तकांचा दुकानदार पान उलटून आधी बघतो की उत्तरांवर खुणा पेनानं केल्यात की पेन्सिलीनं. पेन्सिलीनं असतील तर भाव बरा, खोडरबरानं पुस्तक पुन्हा कोरं होतं. म्हणून लातूरच्या हुशार पोरांना पेन्सिल वापरायची सवय असते. वडिलांनी सांगितलेलं असतं. अशाच एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी चार ओळींची कविता लिहून ठेवलेली सापडेल. तीही पेन्सिलीनं.

पुढं सीईटी येते, मग नीट. २०१६ पासून नीटशिवाय वैद्यकीयचं दार उघडत नाही, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून या गावाला पाण्याची आगगाडी येते, पन्नास हजार लिटरचे दहा डबे घेऊन. नीटनं पुस्तकाच्या दुकानाची उलथापालथ केली ती अशी: जाडजूड संदर्भपुस्तकं मागं पडली आणि एनसीईआरटीची पातळ पुस्तकं सोन्याच्या भावाची झाली. ती मिळेनाशी होतात, मग नकली छपाई बाजारात येते. त्यामुळं लातूरचं पोर पुस्तक हातात घेतल्यावर आधी पान उजेडाकडं धरतं आणि कागदातली खूण शोधतं. इतक्या बारकाईनं पुस्तकाचा कागद बघणारं गिऱ्हाईक साहित्याच्या दुकानातही मिळायचं नाही.

नांदेडला एकदाच मागं वळा, २००८ मध्ये. गुरू गोविंदसिंगांनंतर गुरू ग्रंथसाहिबांना गुरुगादी मिळाल्याला ऑक्टोबरात तीनशे वर्षं होतात. देशोदेशीचे भाविक यायचे आहेत. केंद्राच्या शहर पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला आहे आणि जुन्या गावातले रस्ते रुंद होत आहेत. दुकानांचे पुढचे भाग गेले. वजिराबादेतून चालताना तुम्हाला भिंतींच्या आतला रंग बाहेरून दिसतो, कुणाचा हिरवा, कुणाचा गुलाबी. आपल्या ओळखीच्या दुकानाचं काउंटर आता जवळजवळ रस्त्यावर आलंय. बाक गेला. बाकाला लागणारी अडीच फूट जागा कुणाकडंच उरली नाही. नव्या रस्त्यानं चालणं सोपं झालं हे खरं, आणि पाऊस पडल्यावर चिखल होत नाही हेही खरं. रस्तारुंदीला मी शिव्या देणार नाही. पण बाकावरचे लोक दुसरीकडं जमायला लागले ते पुस्तकांपासून लांब, चहाच्या टपरीवर, आणि तिथं वाद पुस्तकांवर होत नाहीत.

म्हाताऱ्या मालकाचा पोरगा, जो एकेकाळी माळ्यावरून संच खाली टाकायचा, तो आता मालक आहे. त्यानं दुकान अर्धं केलं, स्टेशनरी वाढवली, आणि एक काम मात्र बापापेक्षा हुशारीनं केलं: विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं फळीवर आणली. १९९४ साली नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघालं, लातूरही त्यातच आलं. विद्यापीठ म्हणजे अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रम म्हणजे दरवर्षी नवी पुस्तकं. या दोन गावांत प्रकाशक उभे राहिले ते बरेचसे याच जोरावर. फळीवरच्या पुस्तकांची पाठ वाचत जा: निर्मल, अभंग, इसाप, संगत, हे नांदेडचे, अरुणा, विद्याभारती, मुक्तरंग, हे लातूरचे. पुढं बी. ए. द्वितीय वर्षाचं भाषाविज्ञान, मागं कुणा खेड्यातल्या शिक्षकाचा पहिला कथासंग्रह. एखाद्या कवीचं पुस्तक अभ्यासक्रमाला 'लागलं' की दुकानदार त्याला पेढे मागतो. पूर्वी मराठवाड्यातल्या लेखकाला पुण्याच्या गाडीत बसावं लागे. आता हस्तलिखित घेऊन तो दुपारी निघतो आणि रात्री जेवायला घरी असतो. या सोयीमुळं छापू नयेत अशी पुस्तकंही पुष्कळ निघाली, हे दुकानदार तुम्हाला स्वतःच सांगेल, आवाज खाली करून, नावानिशी. ती नावं इथं नकोत.

आता आज. उदगीरला २०२२ च्या एप्रिलमध्ये संमेलन झालं, भारत सासणे अध्यक्ष. तेव्हा ऐन उन्हात ग्रंथप्रदर्शनात पिशव्या भरून पुस्तकं नेणारी माणसं पाहून आपल्या मालकानं विचार केला की ही वर्षभर असतात कुठं? त्याचं उत्तर खिशातच आहे. तुमच्याही खिशात आता पैसे नाहीत, फोन आहे. कादंबरी फोनवर मागवली की पुण्यापेक्षा स्वस्त घरी येते. पोरं काउंटरशी उभी राहून मालकासमोरच भाव ताडून बघतात आणि तो काही बोलत नाही. वह्या मात्र कुणी फोनवर मागवत नाही. खाकी कागद, नकाशे, कंपासपेटी, उद्या सकाळी शाळेत लागणारा कार्डबोर्ड, हे रात्री साडेनऊला दार वाजवूनच घ्यावं लागतं.

काउंटर उचलून आत जा. तेवढी ओळख आता झाली आहे. मागच्या फळीवर धूळ आहे, पण सलग नाही. म्हणजे कुणीतरी अधूनमधून पुस्तकं काढतं. कुरुंदकरांचं रूपवेध, मागोवा, दत्ता भगतांची नाटकं. वाटा-पळवाटाची प्रत जुनी, किंमत छापलेली, तीच घेतो. खालच्या कप्प्यात एक जाड उर्दू वही कापडात बांधून ठेवलेली. "कुणाची किती उधारी हाय कुणाला ठावं," मालक म्हणतो, "वाचणारा आणा, फिफ्टी-फिफ्टी."

तुम्हाला हवं असलेलं पुस्तक त्याच्याकडं नाही. तो नाव विचारतो, प्रकाशक तुम्ही सांगायच्या आधी स्वतःच सांगतो, आणि हिशोबाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतो. आगाऊ पैसे घेत नाही.

"गुरुवारी पार्सल येतंय. दुपारून या."

"सकाळी आलो तर?"

"सकाळी नका येऊ. आठवीच्या वह्या यायल्यात, उभं राहायला जागा नसंल."